उसन्या रक्ताचा दमसास

१९६८ सालचे ऑलिंपिक सामने मेक्सिको सिटी येथे झाले. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहून थोडासाच अधिक असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. हवा विरळ असल्यामुळे कमी वेळाच्या स्पर्धांना फायदाच झाला. बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली ती इथेच. लांब पल्ल्याच्या शर्यतींची गोष्ट मात्र उलटी झाली. १०,००० मीटरच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा २७ मिनिटे ३९.४ सेकंदांचा जागतिक विक्रम तेव्हा उभा होता. मेक्सिकोत ही शर्यत जिंकणाऱ्याला २९ मिनिटे २७.४ सेकंद लागले. क्लार्क स्वतः सहावा आला आणि शर्यत संपताच बेशुद्ध होऊन कोसळला. पहिला आलेला नफ्ताली तेमू केनियाचा, तर दुसरा मामो वोल्डे इथिओपियाचा. दोघेही उंच पठारी प्रदेशांत वाढलेले.

या निकालांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञांपुढे आणि प्रशिक्षकांपुढे एक प्रश्न ठेवला. उंचावर राहणाऱ्यांच्या शरीरात असे काय असते, जे सपाटीवरच्या माणसात नसते? उत्तराचा एक भाग पूर्वीच ठाऊक होता. विरळ हवेत राहणाऱ्या माणसाच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण वाढते. मग पुढचा प्रश्न ओघानेच आला. डोंगरावर न जाता हे प्रमाण वाढवता येईल का? या एका प्रश्नातून जी वाट निघाली तिलाच आज 'ब्लड डोपिंग' म्हणतात. तिचा इतिहास आपण या लेखात पाहू.

थोडे गणित

आधी एक साधा हिशेब करू. तो वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल. निरोगी पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरून ठेवते. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर आणि एका लिटरमध्ये २०० मिलिलिटर प्राणवायू मावतो. हिमोग्लोबिनच नसते तर? एक लिटर रक्तद्रवात जेमतेम तीन मिलिलिटर प्राणवायू विरघळतो. तांबड्या पेशींचे महत्त्व या दोन आकड्यांवरून लक्षात येते.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. उत्तम तयारीच्या लांब पल्ल्याच्या धावपटूचे हृदय शर्यतीच्या ऐन भरात मिनिटाला तीस लिटरपर्यंत रक्त ढकलू शकते. तीस लिटर गुणिले २०० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सहा लिटर प्राणवायूचा पुरवठा. स्नायूंना त्याहून अधिक हवा असतो, पण पोचवणार कसा? हृदयाची क्षमता वर्षानुवर्षांच्या सरावाने वाढते आणि एका मर्यादेवर थांबते. सपाटीवर फुप्फुसांतून बाहेर पडणारे रक्त बहुतेक वेळा जवळजवळ पूर्ण भरलेलेच असते. उरते ती एकच गोष्ट, दर लिटरमागे असलेले हिमोग्लोबिन. ते दहा टक्क्यांनी वाढले तर त्याच हृदयाकडून मिनिटाला ६०० मिलिलिटर जादा प्राणवायू पोचेल. ज्या स्पर्धेत पहिला आणि चौथा यांच्यात अर्ध्या टक्क्याचाही फरक नसतो, तिथे हा लाभ किती मोठा आहे हे सांगायला नको.

स्टॉकहोममधील प्रयोग

या विचाराची प्रयोगशाळेतील पहिली चाचणी खेळासाठी नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, नेलो पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलातील माणसांना जादा तांबड्या पेशी देऊन पाहिल्या. प्राणवायू कमी असलेल्या हवेत ही माणसे इतरांपेक्षा चांगली टिकली. उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांच्या दृष्टीने अशा माहितीला महत्त्व होते.

खेळाच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो १९७२ साली प्रसिद्ध झालेला स्वीडनमधील प्रयोग. स्टॉकहोमच्या ब्यॉर्न एकब्लॉम यांनी काही निरोगी तरुणांचे ८०० ते १२०० मिलिलिटर रक्त काढून घेतले. आपल्याकडे रक्तदान शिबिरात साधारणपणे ३५० मिलिलिटर रक्त घेतात, म्हणजे हे प्रमाण त्याच्या दुपटीहून अधिक होते. रक्त काढल्यावर अपेक्षेप्रमाणे त्यांचा दमसास घटला. पुढच्या काही आठवड्यांत शरीराने ही तूट भरून काढली. मग एकब्लॉम यांनी प्रत्येकाच्या जपून ठेवलेल्या तांबड्या पेशी त्याला परत दिल्या. आता शरीरात नव्याने तयार झालेल्या पेशी होत्या आणि जुन्याही. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. थकून थांबेपर्यंत धावण्याचा वेळ तर सुमारे २३ टक्क्यांनी वाढला, आणि तोही जवळजवळ एका रात्रीत, कोणत्याही जादा सरावाशिवाय.

एकब्लॉम यांचा प्रश्न शुद्ध शरीरक्रियाशास्त्रातला होता. दमसासाची मर्यादा स्नायूंत असते की प्राणवायूच्या पुरवठ्यात? प्रयोगाने पुरवठ्याच्या बाजूने कौल दिला. वृत्तपत्रांना मात्र त्यात वेगळेच दिसले आणि 'ब्लड डोपिंग' हे नाव रूढ झाले.

सगळ्याच प्रयोगशाळांना हा परिणाम मिळाला नाही. त्याचे कारण रक्त साठवण्याच्या पद्धतीत होते. साध्या शीतकपाटात ४ अंश सेल्सियसला ठेवलेल्या रक्तातील पेशी हळूहळू नष्ट होत जातात. त्या काळात असे रक्त तीन आठवडेच वापरता येई आणि तेवढ्यात दात्याच्या शरीरातील तूटही पुरती भरून निघत नसे. म्हणजे या हाताने काढले आणि त्या हाताने त्याहून कमी परत केले असा प्रकार होई. कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० साली ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या पेशी वापरल्या आणि अव्वल धावपटूंवर काटेकोर प्रयोग केला. खरे रक्त कोणाला मिळाले आणि नुसते मिठाचे पाणी कोणाला, हे धावपटूंना माहीत नव्हते आणि मोजणाऱ्यांनाही नव्हते. तरीही लाभ स्पष्ट दिसला. आता शंकेला जागा उरली नाही.

मैदानावर

फिनलंडचा लासे विरेन १९७२ साली म्युनिकला १०,००० मीटरच्या शर्यतीत मध्येच पडला, उठला आणि तरीही जागतिक विक्रमासह जिंकला. ५००० मीटरची शर्यतही त्याने जिंकली. चार वर्षांनी माँट्रियलला त्याने दोन्ही सुवर्णपदके पुन्हा मिळवली. त्याच्यावर रक्त घेतल्याचा संशय व्यक्त झाला, पण त्याने तो नेहमी नाकारला आणि त्याविरुद्ध पुरावाही कधी पुढे आला नाही. त्याचाच देशबांधव कार्लो मानिंका याने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये एक रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले. आपण रक्त घेतले होते असे त्याने नंतर स्वतःच सांगितले. पदके परत घेण्याचा प्रश्न नव्हता, कारण तसे करू नये असा नियमच तेव्हा नव्हता. सायकलपटू फ्रान्चेस्को मोझर याने जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले. त्यानेही पुढे अशीच कबुली दिली.

सर्वांत लाजिरवाणा प्रसंग घडला तो १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये. अमेरिकेच्या सायकलपटूंना १९१२ नंतर ऑलिंपिक पदक मिळाले नव्हते. या वेळी त्यांनी नऊ पदके मिळवली. काही महिन्यांत बाहेर आले की संघातील सात जणांनी स्पर्धेपूर्वी मोटेलच्या खोलीत रक्त घेतले होते. स्वतःचे रक्त साठवायला वेळ उरला नव्हता म्हणून नातेवाईकांचे आणि इतरांचे रक्त वापरले गेले. त्यांपैकी काही जण आजारीही पडले. यानंतर लवकरच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या प्रकारावर बंदी घातली. पण बंदी घातली तरी ओळखायचे कसे? खेळाडूच्या शिरांत त्याचे स्वतःचेच रक्त वाहत असताना त्यातले कोणते आजचे आणि कोणते दोन महिन्यांपूर्वीचे, हे सांगणारी कसोटी कोणाजवळही नव्हती.

रुग्णांसाठी आलेले औषध

या कथेला दुसरा धागा येऊन मिळतो तो रुग्णालयातून. आपल्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात आणि साधारण १२० दिवस जगतात. किती पेशी तयार करायच्या हे अस्थिमज्जेला कोण सांगते? १९०६ साली पॅरिसमध्ये कार्नो आणि देफ्लांद्र यांनी असा निरोप पोचवणारा पदार्थ रक्तात असला पाहिजे असे सुचवले. पुढे त्याला 'एरिथ्रोपोएटिन' हे नाव मिळाले. थोडक्यात त्याला ईपीओ म्हणतात. हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना तीव्र रक्तक्षय का होतो, हे त्यावरून उलगडते.

शिकागोच्या यूजीन गोल्डवासर यांनी १९५५ पासून हा पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवण्याचा ध्यास घेतला. रक्तात तो इतका अल्प असतो की वीस वर्षे त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. अखेर जपानच्या ताकाजी मियाके यांनी विशिष्ट प्रकारच्या रक्तक्षयाच्या रुग्णांचे २५५० लिटर मूत्र जमवले, वाळवले आणि शिकागोला आणले. त्यातून १९७७ साली शुद्ध ईपीओ मिळाले, अवघे काही मिलिग्रॅम. एवढ्याशा नमुन्याच्या आधारे अमेरिकेतील ॲम्जेन कंपनीत फू-क्वेन लिन यांनी १९८३ साली त्याचे जनुक वेगळे केले. जनुक हाती आल्यावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून हवे तितके ईपीओ बनवता येऊ लागले. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. डायलिसिसवर असणाऱ्या आणि वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या रुग्णांना त्याने पुन्हा उभे केले. जैवतंत्रज्ञानाच्या मोठ्या यशांत त्याची गणना होते.

खेळाच्या जगात याच औषधाचा वेगळा अर्थ लावला गेला. आता रक्त काढायला नको, साठवायला नको, मोटेलची खोलीही नको. एक छोटीशी सुई पुरे. ऑलिंपिक समितीने १९९० साली ईपीओवर बंदी घातली, परंतु ते ओळखणारी चाचणी यायला आणखी दहा वर्षे लागली. या दशकात सायकल शर्यतींत काय चालले होते ते ८ जुलै १९९८ रोजी जगाला कळले. फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर फेस्टिना संघाचा कर्मचारी विली व्हूट याची गाडी अडवण्यात आली. ती ईपीओ व इतर औषधांनी भरलेली होती.

दाट रक्ताचा धोका

तांबड्या पेशी जितक्या जास्त तितके चांगले, असे मात्र नाही. रक्ताच्या एकूण आकारमानात पेशींचा जो वाटा असतो त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. पुरुषांत तो साधारण ४५ टक्के असतो. हे प्रमाण वाढत जाते तसे रक्त दाट होते आणि ५५ टक्क्यांच्या पुढे हा दाटपणा फार झपाट्याने वाढतो. पाकात साखर घालत गेल्यास एका टप्प्यानंतर तो ढवळणे जड जाते, तशी हृदयाची अवस्था होते. त्यात लांब शर्यतीत घामावाटे पाणी जाते, रक्तद्रव कमी होतो आणि रक्त आणखी दाट होते. रात्री झोपेत नाडी मंदावली की दाट रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव असतो. गुठळी हृदयात अडकली तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूत अडकली तर पक्षाघात होतो आणि फुप्फुसात अडकली तर श्वासच कोंडतो.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. १९८७ ते १९९० च्या सुमारास नेदरलंड्स आणि बेल्जियममधील अनेक तरुण सायकलपटू अचानक मरण पावले आणि त्यांचे बळी ईपीओने घेतले, असे असंख्य ठिकाणी छापले गेले आहे. पुढे अभ्यासकांनी एकेक मृत्यू तपासला तेव्हा त्यांतील एकाचाही ईपीओशी निश्चित संबंध दाखवता आला नाही. औषध तर बाजारातही नुकतेच येत होते. धोका खरा आहे, पण म्हणून प्रत्येक मृत्यूचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. शरीरक्रियाशास्त्रावरून जे संभवते आणि प्रत्यक्षात जे सिद्ध झाले, त्यांत फरक करायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तो फरक इथेही करायला हवा.

सिद्ध झालेले धोके काही कमी नाहीत. दुसऱ्याचे रक्त घेताना गट जुळला नाही तर जिवावर बेतते, आणि ते नीट तपासलेले नसेल तर कावीळ किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. स्वतःचे रक्तही नीट साठवले नाही तर विषासारखे ठरते. फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीचा सायकलपटू रिकार्दो रिक्को मूत्रपिंडे निकामी होण्याच्या अवस्थेत रुग्णालयात दाखल झाला. घरच्या शीतकपाटात पंचवीस दिवस ठेवलेले स्वतःचे रक्त आपण घेतल्याचे त्याने डॉक्टरांना सांगितले, अशी बातमी आली. त्याने पुढे ते नाकारले, तरी त्याच्यावर बारा वर्षांची बंदी आली. ईपीओचा आणखी एक धोका मूत्रपिंडाच्या रुग्णांत दिसून आला. क्वचित प्रसंगी शरीर बाहेरून आलेल्या ईपीओविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे शरीराच्या स्वतःच्या ईपीओलाही निकामी करतात आणि तांबड्या पेशींची निर्मितीच थांबते. रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर हा धोका तोलून पाहतात आणि रक्ताची नियमित तपासणी करतात. निरोगी माणसाने चोरून सुई टोचून घ्यायची, तर हे तोलायचे कोणी?

चोर आणि शिपाई

चाचणी नव्हती तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ साली एक मधला मार्ग काढला. पुरुषांत हिमॅटोक्रिट ५० टक्क्यांच्या वर गेला तर 'आरोग्याच्या कारणास्तव' शर्यतीतून बाहेर. १९९९ साली इटलीतील शर्यत जिंकण्याच्या बेतात असलेला मार्को पंतानी याच नियमाने बाहेर गेला. पण नियमाचा परिणाम विपरीतही झाला. पन्नासची मर्यादा काहींनी परवानगी समजून घेतली. खेळाडू स्वतःचा हिमॅटोक्रिट मोजू लागले आणि तपासनीस यायच्या आत सलाइन घेऊन रक्त पातळ करू लागले.

२००० साली फ्रान्समधील फ्रान्स्वाझ लान आणि जाक द सोरिझ यांनी मूत्रातील कृत्रिम ईपीओ ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शरीरात बनलेले आणि कारखान्यात बनलेले ईपीओ यांना जोडलेल्या शर्करांत थोडा फरक असतो. त्यामुळे विद्युतक्षेत्रात त्यांचे पट्टे वेगवेगळ्या जागी उमटतात. ही पद्धत त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये वापरली गेली. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तीन स्कीपटू ईपीओच्या नव्या, जास्त काळ टिकणाऱ्या प्रकारासह सापडले. हे औषध बाजारात येऊन वर्षही उलटले नसेल.

मग चोरांनी वाट बदलली, आणि गंमत म्हणजे ते जुन्याच वाटेला लागले. मे २००६ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी युफेमियानो फुएन्तेस या डॉक्टरच्या माद्रिदमधील जागांवर छापे घातले. शीतकपाटांत रक्ताच्या पिशव्या रांगेने ठेवल्या होत्या आणि त्यांवर नावांऐवजी सांकेतिक खुणा होत्या. २०१२ साली लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्याच्या दोषारोपांत ईपीओ होते आणि साठवलेले रक्तही होते. शेकडो चाचण्यांतून तो सुटला होता. शेवटी त्याला पकडले ते मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींनी.

या अनुभवातून एक वेगळी कल्पना पुढे आली. चोरीचा पदार्थ शोधण्याऐवजी त्याने शरीरात सोडलेल्या खुणा शोधायच्या. प्रत्येक खेळाडूचे रक्त वर्षानुवर्षे तपासून त्याचा स्वतःचा आलेख तयार करायचा. बाहेरून रक्त घेतले तर अस्थिमज्जा आपले काम मंद करते आणि कोवळ्या तांबड्या पेशी कमी होतात. ईपीओ घेतले तर त्या वाढतात. २००८ पासून सायकल शर्यतींत ही 'जैविक पासपोर्ट' पद्धत सुरू झाली. तीही निर्विवाद नाही. जर्मनीची बर्फावरची स्केटिंगपटू क्लॉडिया पेखश्टाइन हिच्यावर २००९ साली केवळ कोवळ्या पेशींच्या प्रमाणावरून दोन वर्षांची बंदी आली. आपल्याला रक्ताचा आनुवंशिक दोष आहे असे तिचे म्हणणे होते आणि पुढे काही रक्ततज्ज्ञांनी तिच्या बाजूने मत दिले. प्रकार मात्र थांबलेले नाहीत. २०१९ साली ऑस्ट्रियात जागतिक स्कीइंग स्पर्धेच्या वेळी पोलिसांनी छापा घातला, तेव्हा एक खेळाडू हातात सुई खुपसलेल्या अवस्थेतच सापडला.

रेषा कोठे आखायची?

शेवटी एक अवघड उदाहरण घेऊ. फिनलंडचा एरो मँटिरांता हा १९६० च्या दशकातील नामवंत स्कीपटू. त्याने तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. त्याचे हिमोग्लोबिन नेहमीच विलक्षण जास्त असे आणि त्यामुळे त्याच्यावर संशयही घेतला जाई. १९९३ साली संशोधकांनी त्याच्या कुटुंबाची तपासणी केली. ईपीओचा निरोप घेणाऱ्या ग्राहक रेणूच्या जनुकात एक बदल आढळला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. थोड्या ईपीओनेच त्यांची अस्थिमज्जा भरपूर पेशी तयार करी. इतरांनी चोरून जे मिळवले ते याला जन्मतःच मिळाले होते.

मग अन्याय नेमका कोणता? उंच पठारावर जन्मणे चालते, जनुकातला बदल चालतो आणि उंचावर शिबिर घेणेही चालते. सुई मात्र चालत नाही. ही रेषा रक्तातील आकड्यावरून आखता येणार नाही, हे उघड आहे. आम्हांला वाटते की ती दुसऱ्या विचारावर उभी आहे. उंचावर गेलेल्या शरीरात पेशी किती वाढवायच्या हे शरीरच ठरवते आणि एका टप्प्यावर थांबते. सुई टोचून घेतली की हा लगाम सुटतो आणि पुढे किती, हे केवळ प्रतिस्पर्ध्याच्या धाडसावर ठरते. एकाने घेतले की दुसऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात, घ्यायचे किंवा हरायचे. जो घेऊ इच्छित नाही त्यालाही जिवाची जोखीम पत्करायला भाग पाडणारा खेळ न्याय्य म्हणता येत नाही.

शरीराला प्राणवायूची कमतरता कशी कळते आणि त्यानुसार ईपीओ कसे वाढते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या ज्ञानातून रक्तक्षयावर नवी औषधे आली आहेत, आणि तीही क्रीडाक्षेत्रातील बंदीच्या यादीत घालावी लागली आहेत. रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना वरचा हिशेब फळ्यावर मांडून हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाहावा. रक्ताची बाटली तीच आणि संप्रेरकही तेच. डायलिसिसवरच्या रुग्णाला ते जगवते. मग शर्यतीत धावणाऱ्या निरोगी तरुणाला ते का नाकारायचे? चर्चेत मुले काय उत्तरे देतात ते आम्हांला जरूर कळवावे.